नांगर

यंत्राच्या काचेवर तू आधी उलटा येतोस.
दफ्तरखान्यातली मुलगी फिल्म पलटून देते,
"आता दिसेल," म्हणते, आणि चहाला निघून जाते.

ईलायस पडनी. वय तेवीस. जिल्हा सफोक.
गुन्हा: एक मेंढी, दुसऱ्याची.
शिक्षा: आधी फाशी, मग दया येऊन
चौदा वर्षं काळं पाणी.
धंदा: नांगऱ्या.
उंची पाच फूट साडेतीन इंच, अनवाणी मोजलेली.
भुवया तांबूस. पुढचा एक दात नाही.
डाव्या दंडावर गोंदण: नांगर, जहाजाचा,
खाली एक अक्षर, एम.

तुझी आई सुझन. बायको, पुढे इथे केलेली, हॅना.
एम कोण, हे कारकुनाने विचारलं नाही.
आता विचारायला मी आलेय,
दोनशे वर्षं उशिरा, वाचायचा चष्मा गाडीत विसरून.

अवीस आत्या म्हणायची,
आपले पडनी तिकीट काढून आले, पियानोसकट.
घरातल्या बायबलचं पहिलं पान नव्हतं.
कड इतकी सरळ, की कापणारीचा हात
जरासुद्धा थरथरला नसावा.

पुढच्या नोंदी बारीक, तिरक्या, घाईतल्या:
कामावर गैरहजर. मालकाला उलट उत्तर.
फाळ मोडला, दहा दिवस अंधारकोठडी.
पुन्हा उलट उत्तर. पंचवीस फटके.
(काय बोलला असशील? ते कुठेच नाही.
फटके मोजलेत, शब्द नाहीत.)
मग अक्षर सुधारतं. परवाना. सशर्त माफी.
मग जमीन, साठ एकर, ओटलँड्सच्या पुढे.

नकाशात अजून तो पडनीचा ओढा आहे.
त्याआधीचं नाव कुणी लिहून घेतलं नाही.
आजोबांच्या बिस्किटांच्या डब्यात
एक दगडी पातं होतं, धारेला अजून बोट कापेल असं.
"नांगराला लागलं," एवढंच ते सांगत
आणि झाकण लावत.

मी इथेच थांबायला हवं होतं.
साठ एकर, नऊ मुलं, गहू, चर्चमागची कबर:
भावाला सांगायला पुरेसं होतं.
पण फिल्म अजून शिल्लक होती
आणि हात आपोआप फिरवत राहिला.

सन अडतीस. दंडाधिकाऱ्याचं पुस्तक.
आरोपी: टिमथी क्विगली, कैदी, वय एकोणीस,
शेतकरी पडनी यांच्याकडे नेमलेला.
आरोप: धन्याची मेंढी मारून खाल्ली.
छत्तीस फटके.
फिर्यादी: तू.

तू तिथे उभा होतास ना,
चांगल्यातला कोट घालून,
आत ती जुनी पाठ घेऊन?
त्याने शर्ट काढला तेव्हा कुठे बघितलंस?
छत्तीसपर्यंत थांबलास,
की घोडा सोडायला बाहेर गेलास?
आणि घरी येऊन हॅनाने ताटात काय वाढलं?

सही येत नव्हती तुला.
सगळे अडाणी फुली मारतात.
तू फुली नाही मारलीस.
पानाच्या तळाशी एक उभी रेघ, खाली वाक, वर छोटी आडवी.
मी काचेला नाक लावून बघते:
नांगर.
शेतातला की जहाजावरचा,
शाई पसरलीय, कळत नाही.

मुलगी परत येते. पाच वाजत आलेत.
छापून हवं का? पानाला ऐंशी सेंट.
मी मेंढीचं पान मागते, तुझ्या उंचीचं, तुझ्या दाताचं.
कोट चढवून दारापर्यंत जाते.
मग परत फिरते, क्विगलीचंही द्या म्हणते.

वीस सेंट कमी पडतात.
मी पर्स उलटी करते.
"असू दे," ती म्हणते.